जानरावाचं कपाट

इंग्लंडातल्या एका अनोळखी माणसाची आयुष्यभर काळजी वाहिलेला माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच होऊन गेला, आणि त्याचं दुकान नेमकं माझ्या दुकानाला लागून होतं. मी कासार. धारूरच्या पेठेत आमचं बांगड्यांचं दुकान वडिलांपासूनचं. शेजारी भोंगेवाले मामू. लाऊडस्पीकर भाड्याने देणं हा त्यांचा धंदा, आणि परत आलेला लाऊडस्पीकर धड आहे ना, हे तपासत बसणं हा त्यांचा छंद. धंदा लग्नसराईपुरता, छंद मात्र बारमाही. माझ्या दुकानात एखादी बाई हात पुढे करून, डोळे मिटून, ओठ दाबून बसलेली असे. मी तिचा अंगठा मुडपून बांगडी हलकेच वर सरकवत असे. आणि नेमकी तेव्हाच भिंतीपलीकडून अशी काही आरोळी येई की बाई दचके आणि बांगडी फुटे. भरताना फुटलेली बांगडी कासाराची, गिऱ्हाइकाची नव्हे, हा आमच्या धंद्याचा रिवाज. मामूंच्या शेजारापायी मी काय काय सोसलं, याचा निवाडा आता वर गेल्यावरच व्हायचा. तिथे मामू माझ्या आधी जाऊन बसले आहेत. बहुधा माईक तपासत असतील.

दुसरे लोक माईक तपासताना एक-दोन-तीन म्हणतात. मामू म्हणत, "जानराव कपाट घेऊन निघालाय. पाऊस लई हाय. जानराव कपाट घेऊन निघालाय." परगावचा माणूस हे ऐकून थांबे, इकडेतिकडे बघे, आणि पावसाचा टिपूस नाही नि कपाटही नाही हे पाहून मुकाट्याने पुढे जाई. धारूरच्या माणसाला मात्र यात नवल वाटत नसे. जानरावाचं कपाट ही आमच्या गावाची जुनी चिंता होती. कुणाचं नळाचं काम अडलं, कुणाच्या पोरीचं जमता जमेना, तर लोक एकमेकांना विचारत, "काय, कपाट पोचलं का?" आणि समोरचा म्हणे, "कुठलं पोचतंय!"

याचं मूळ धर्मापुरीच्या जत्रेत आहे. फार जुनी गोष्ट. मी वडिलांबरोबर बांगड्यांचं पाल ठोकून बसलो होतो, आणि मामू तेव्हा नुकती मिसरूड फुटलेले, तंबूच्या सिनेमात माईकवर होते. हरवलेलं पोर सापडलं, बायकांनी डाव्या अंगाला बसावं, विड्या ओढू नयेत, असं ओरडायचं त्यांचं काम. सिनेमाच्या पेट्या हैदराबादेहून रेल्वेने परळीला येत. त्या दिवशी परळीच्या स्टेशनावर दोन पेट्या होत्या. एकीत मारामारीचा हिंदी सिनेमा होता, दुसरी पुढे कुठल्याशा शहरातल्या इंग्रजी शौकिनांकडे जायची होती. पेटी आणायला गेलेल्या गड्याला वाचता येत नव्हतं. त्याने दोन्ही उचलून पाहिल्या आणि जड होती ती आणली. जड पेटीत सिनेमा जास्त, असा त्याचा सरळ हिशेब. तंबू गच्च भरला, दिवे गेले, आणि पडद्यावर आला एक उंच, वाळका, काळी टोपी घातलेला गोरा माणूस. एका हातात छत्री, दुसऱ्या हाताने हातगाडी ढकलतोय, आणि हातगाडीवर लाकडाचं भलंमोठं कपाट. बोलणं सगळं इंग्रजी. ना गाणं, ना बाई, ना तलवार. पब्लिकने पहिल्यांदा शिट्ट्या मारल्या, मग खाली बसायला घेतलेल्या चपला हातात घेतल्या. तंबूचा मालक धावत आला आणि त्याने मामूंच्या हातात माईक देऊन म्हटलं, "बोल बे कायबी! न्हाईतर तंबू जाळतेत."

मामूंना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. पण ते बोलले. "भाईयो और बहनो, आणि माय-बापहो," मामू म्हणाले, "हा जो माणूस दिसायलाय, हे विलायतेचे जानराव. मानूस गरीब, पण इज्जतदार. ह्यांची एकुलती एक लेक दूर समुद्राच्या काठाला दिलेली हाय. लग्नात बापाकडून काहीबी देनं झालं न्हाई. सासरचे टोचून बोलायलेत. म्हनून जानराव कपाट घेऊन निघालेत." तंबू एकदम चिडीचूप झाला. बायकांच्या बाजूने कुणीतरी नाक ओढल्याचं मी स्वतः ऐकलं. पुढे मग काय विचारता! हातगाडी उतारावरून सुटली आणि कपाट पळायला लागलं, तसा सगळा तंबू उभा राहून "धरा, धरा" म्हणून ओरडायला लागला. एक बदक कुठूनसं येऊन कपाटात बसलं. मामूंनी त्याला जानरावाच्या वारलेल्या बायकोचं लाडकं बदक करून टाकलं. रेल्वेचा गार्ड कपाट डब्यात घेऊ देईना, तर लोकांनी त्या गार्डाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आणि पाऊस! त्या सिनेमात पहिल्यापासून पाऊस पडत होता, थांबायचं नाव नाही. आमच्या भागात ते साल कोरडं गेलं होतं. लोकांनी पावसाचं रीळ मालकाला पुन्हा लावायला लावलं आणि ते पाहून टाळ्या वाजवल्या.

शेवटी जानराव एका टेकडीवर येऊन पोचले. खाली समुद्र दिसत होता. त्यांनी छत्री मिटली, टोपी काढली, आणि पडदा पांढरा झाला. शेवटचं रीळ पेटीत नव्हतंच. जड पेटी उचलूनही सिनेमा कमीच निघाला. पब्लिक ओरडायला लागलं, "पोचलं का? कपाट पोचलं का न्हाई?" मामूंनी मिनिटभर मालकाकडे पाहिलं. मालकाने हात वर केले. मामू माईकवर म्हणाले, "उद्या सांगतो."

उद्या काही आला नाही. सकाळी पेटीचे खरे धनी स्टेशनमास्तराला घेऊन हजर झाले, मालकाला शिव्या दिल्या आणि जानरावाला घेऊन गेले. पण मामू शब्द देऊन बसले होते. मला वाटतं, दुसरा कुणी असता तर त्याने सरळ "पोचलं" म्हणून टाकलं असतं. मामूंनी सगळी गोष्ट खोटी रचली, पण शेवट त्यांना खोटा सांगवेना. ते म्हणत, "मधलं आपुन कायबी बोलू, त्याला हरकत न्हाई. पन पोचलं का न्हाई, हे खरंच ठाऊक पायजे. लेकीचा मामला हाय." या हट्टापायी माणूस जन्मभर अर्धी गोष्ट सांगत फिरला. लग्नात वऱ्हाड अडकलं की मामू माईक घेऊन जानराव सुरू करत. लाईट गेली की बॅटरीवर जानराव. एकदा निवडणुकीत मोठे पुढारी सभेला यायचे होते. ते काही केल्या येईनात, लोक उठून जायला लागले. मामूंनी कपाट काढलं. कपाट रेल्वेच्या डब्यात चढतंय न चढतंय एवढ्यात पुढारी आले, स्टेजवर चढले, हात जोडले, आणि मागून एक म्हातारा ओरडला, "साहेब, जरा दम खा. कपाट चढू द्या." पुढारी बिचारे खुर्चीवर बसून राहिले आणि गोष्टीत गार्ड आला तेव्हा तेही हसले.

माणूस दिसायला इतका किरकोळ होता की भोंग्याआड उभा राहिला तर दिसू नये. आवाज मात्र पाच पोत्यांचा. त्या आवाजाला ते तान्ह्या पोरासारखं जपत. भर मे महिन्यात गळ्याला मफलर, तोंडात ज्येष्ठमधाची काडी. तिखट नाही, बर्फ नाही, ताक नाही, विडी-सुपारीला तर जन्मात हात लावला नाही. घरात ते बोलतच नसत. मामी मला म्हणायच्या, "कासारभाऊ, ह्यांचा आवाज मी निकाहात 'कबूल' म्हनले तेवढाच ऐकला. त्याच्यावर ऐकायचा असला तर चौकात यावं लागतंय." लग्न, जत्रा, औषधफवारणी, मयत, सगळ्याची दवंडी त्यांच्याच रिक्षातून. मयतीचं भाडं घेत नसत आणि भोंगा हळू ठेवत. पण लग्नसराईत एकदा घोटाळा झालाच. एका म्हाताऱ्याची मयत सांगता सांगता सवयीने पुढे निघून गेलं, "तरी सर्वांनी सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून शोभा वाढवावी." म्हाताऱ्याचा मुलगा रिक्षामागे धावला. मामूंनी त्याला शांतपणे विचारलं, "गर्दी झाली का न्हाई?" झाली होती. तालुक्यात तेवढी गर्दी कुणाच्याच मयतीला झाली नव्हती.

परदेशातून कुणी आलं की मामूंना कुणकुण लागे. गावातल्या डॉक्टरांचा मुलगा लंडनहून आला आणि किल्ला पाहायला गेला, तर हे मफलर गुंडाळून किल्ल्याच्या दरवाजात उभे. म्हणाले, "दादा, तिकडं जानरावाचं काही कळलं का? कपाट पोचलं का?" त्या मुलाने आधी वडिलांकडे बघितलं, मग हळूच मोबाईल खिशात टाकला. मामू परत येऊन मला म्हणाले, "लंडन लई मोठं असंल. एकाला दुसऱ्याचं ठाऊक नसतंय." मी म्हटलं, "मामू, तो सिनेमा आहे. तो नट होता. एव्हाना मेलासुद्धा असेल." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या भावकीतलं कुणी मारलं. दोन दिवस भिंतीपलीकडून आवाज आला नाही. माझी एकही बांगडी फुटली नाही, आणि खरं सांगतो, मला दुकानात करमेना.

आता मुन्नीबद्दल सांगायला हवं. मुन्नी ही मामूंची एकुलती एक मुलगी. दोन वेण्या, गुडघ्यापर्यंत धूळ, आणि कायम रिक्षात बापाच्या शेजारी. जानरावाची गोष्ट तिला शब्दन् शब्द पाठ. बदकाचं काम तिचं. मामू थांबले की मुन्नी माईकपाशी तोंड नेऊन असा "क्वॅक" करी की रस्त्यावरची कुत्री भुंकायला लागत. ती शाळेत असतानाच मामूंनी वेल्डिंगवाल्याकडून तिच्या लग्नासाठी लोखंडी कपाट करून घेतलं होतं. हिरवा रंग, दारावर पुरुषभर उंच आरसा. "जानरावानं उशीर केला," ते म्हणाले, "आपुन आधीच करून ठिवू." ते कपाट दुकानात मधोमध उभं असे आणि मुन्नी जाता-येता त्यात आपल्या वेण्या बघे.

पुढे डीजे आले. भोंग्याचा धंदा बसला तो तेव्हापासून. धारूरच्या एका वरातीत मामूंचा माईक होता आणि नवऱ्याकडच्यांनी उमापूरहून डीजे आणला होता. मामू पाहुण्यांचं स्वागत करायला तोंड उघडायचे आणि तिकडून असा दणका बसायचा की शेजारच्या घरांची भांडी मांडणीवरून खाली येत. मामू त्या डीजेवाल्या पोराकडे भांडायला गेले. मुन्नीही त्यांच्या मागे गेली. त्या भांडणात दोघांची नजरानजर झाली म्हणतात. एकाच वरातीत माणसाचा धंदाही जावा आणि लेकही जावी, असं दुर्दैव मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही. मुलगा त्यांच्याच बिरादरीतला, निर्व्यसनी, चारचौघांत नाव सांगण्यासारखा. पण मामूंनी एकच धरलं, "भोंग्याच्या घरात डीजे येनार न्हाई." मामींनी रडून पाहिलं. मी दोन वेळा समजावलं आणि दोन वेळा शिव्या खाल्ल्या. शेवटी मुन्नीच्या मामाने, म्हणजे मामींच्या भावाने, गेवराईला स्वतःच्या घरी निकाह लावून दिला. मामी गेल्या. मामू गेले नाहीत. मी हिरव्या काचेच्या बांगड्या घेऊन गेलो आणि तिच्या हातात भरल्या. एकही फुटली नाही.

परत आलो तर मामू माझ्याच पायरीवर बसलेले. मला वाटलं विचारतील, पोरगी कशी दिसत होती, रडली का. त्यांनी विचारलं, "माईक कुनाचा व्हता?" मी म्हटलं, "नवऱ्या मुलाचाच." ते उठले. "अख्ख्या तालुक्याची लग्नं मी लावली," म्हणाले, "आन् माझ्या लेकीच्या लग्नात माईक दुसऱ्याचा." आत गेले आणि ते हिरवं कपाट ओढत ओढत आरशाची बाजू भिंतीकडे करून टाकलं. मग पाठ कापून त्यात फळ्या ठोकल्या आणि अॅम्प्लिफायर, वायरी, फुटके माईक भरून ठेवले. त्यानंतर मुन्नीचं नाव त्यांच्या तोंडून निघालं नाही. मामी वारल्या तेव्हा ती आली, बायकांत बसली, आणि बाप पुरुषांत बसला. संध्याकाळी ती निघून गेली. जानराव मात्र चालूच होते. फक्त बदक आलं की मामू एक क्षण थांबायचे, आणि तिथे आता कुणाचाच आवाज यायचा नाही.

आणि मग, ज्याला माणसाने इतकं जपलं तेच गेलं. गळ्यात गाठ निघाली. अंबाजोगाईला दाखवलं, पुढे मोठ्या शहरात ऑपरेशन झालं, आणि मामू परत आले ते फुंकर मारल्यासारखं बोलणारे. मफलर तोच. ज्येष्ठमधाची काडी तीच. सकाळी दुकान उघडायचं, भोंगा पुसायचा, माईक हातात घ्यायचा आणि न बोलता ठेवून द्यायचा. मी बांगड्या भरत असताना भिंतीकडे कान लावून बसायचो. बायका म्हणायच्या, "काका, लक्ष कुठंय?"

मला राहवलं नाही. माझी मुलगी पुण्याला असते. तिला मी फोनवर सगळं सांगितलं. वाळका माणूस, छत्री, कपाट, बदक, पाऊस. ती हसली आणि आठवडाभर शोधत राहिली. विलायतेतही तो सिनेमा फारसा कुणाला माहीत नव्हता म्हणे. जुन्या विनोदी सिनेमांचा नाद असलेल्या कुणीतरी तो इंटरनेटवर टाकून ठेवला होता. तिने तो माझ्या फोनवर पाठवला. मी धावत मामूंकडे गेलो. "मामू, सापडला! शेवटच्या रिळासकट!" मामूंच्या हातातलं फडकं खाली पडलं. मी फोन पुढे केला, तर त्यांनी तोंड फिरवलं. "एवढ्याशा फोनवर जानराव मुंगीएवढा दिसंल," ते पुटपुटले. मग माझं मनगट धरून म्हणाले, "मी न्हाई बघत. तू बघ. मला फकस्त सांग, पोचलं का."

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी दुकानात बसून सगळा सिनेमा पाहिला. लेक वगैरे काही नव्हतंच. कुठल्याशा क्लबात चार रिकामटेकड्यांत पैज लागली होती की हा माणूस कपाट घेऊन देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन दाखवील. बस, एवढंच. आणि शेवटचं रीळ असं, की जानराव टेकडीवर टोपी काढतात, तेवढ्यात कपाट मागून घसरतं, त्यांच्या शेजारून निघून जातं आणि कड्यावरून थेट समुद्रात पडतं. बदक तेवढं उडतं. जानराव कपाटाला टोपी हलवून निरोप देतात, छत्री उघडतात, आणि खो खो हसत घरी जातात. समाप्त. मला सगळ्या इंग्रज जातीचा असा संताप आला की काय सांगू. दीडशे वर्षं राज्य केलं ते केलं, वर हे! यात हसायचं काय होतं?

मामू भिंतीपलीकडे वाट बघत बसले होते. मी गेलो. त्यांनी विचारलंही नाही, नुसतं पाहिलं. मी म्हटलं, "पोचलं."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं संपलं. पण ते हळूच म्हणाले, "लेक काय म्हनली?" आता आली का पंचाईत! मी जन्मात बांगड्यांशिवाय काही रचलेलं नाही. तरी बोलत गेलो. "लेक दारात उभी होती," म्हटलं. "म्हणाली, अब्बा, लई उशीर केला." मामूंनी मान हलवली. ते त्यांना पटलं. मग त्यांच्यातला जुना कारागीर जागा झाला. "कपाट केवढालं व्हतं. तिकडची दारं बारीक. आत कसं गेलं?" मी घामाघूम झालो. तोंडाला आलं ते म्हटलं, "जावयाने दाराची चौकट काढली." मामूंनी गळ्याचा मफलर नीट केला. मग म्हणाले, "मानूस चांगला हाय."

पुढच्या आठवड्यात भिंतीपलीकडून पत्र्याचा खडखडाट ऐकू आला. मामूंनी कपाट रिकामं केलं होतं, पाठीला नवा पत्रा ठोकून घेतला होता, आणि आरसा पुसत बसले होते. "उमापूरला गाडी सांग," ते म्हणाले. मी छोटा हत्ती ठरवला. कपाट दोरीने बांधलं. मामू पुढे बसेनात. कपाटाला धरून मागेच बसले, आणि मीही त्यांच्या शेजारी. धारूरचा घाट उतरून, बीड, गेवराई करत सगळा रस्ता. ढग नव्हता, ऊन होतं, तरी मामूंनी सोबत छत्री घेतली होती. मध्येच त्यांनी मला कोपराने ढोसलं आणि कुजबुजले, "बोल की." मला कळलं. मी आपल्या कासारी आवाजात वाऱ्यावर ओरडलो, "जानराव कपाट घेऊन निघालाय!" ते हसले. त्या आजारानंतर तेवढंच.

मुन्नी अंगणात धुणं वाळत घालत होती. तिने गाडी पाहिली, कपाट पाहिलं, मग बापाला पाहिलं. हातातलं लुगडं तसंच ठेवून ती जागच्या जागी उभी राहिली. जावई घरातून धावत आला. अंगणात त्याच्या डीजेची पेटाडं एकावर एक रचलेली होती. मग कपाट उतरवलं, दाराशी नेलं, आडवं केलं, उभं केलं, तिरकं केलं. दार अरुंद. जाईना. जावई म्हणाला, "राहू द्या अब्बा, अंगनात ठिवू, वरून पत्रा टाकतो." मामू पुढे झाले, दाराच्या चौकटीवर हात ठेवला आणि फुंकर मारल्यासारखं म्हणाले, "चौकट काढ."

जावयाने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. मग पहार आणली आणि खरोखरच चौकट काढली. भिंतीचा गिलावा ढासळला, लेकराबाळांच्या डोक्यावर माती पडली, आणि कपाट आत गेलं. मुन्नी आरशासमोर उभी राहून रडली. मी माझ्या पिशवीतून बांगड्या काढून तिथल्या तिथे तिच्या हातात भरल्या, कारण दुसरं मला काही करता येत नव्हतं. मामू बाहेर पेटाडांपाशी उभे होते. जावयाने भीत भीत त्यांच्या हातात माईक दिला. मामूंनी सवयीने "फू, फू" केलं आणि कुजबुजले, "ट्रेबल कमी कर." त्याने केला. मग त्यांनी माईक ओठांना लावला आणि त्या डीजेतून अख्ख्या उमापूरला त्यांची कुजबूज ऐकू गेली, "पोचलं." उमापुरात आमच्याशिवाय त्याचा अर्थ कळणारं कुणी नव्हतं. दोन-चार बाया दारात येऊन बघून गेल्या.

मामू पुढे थोडेच दिवस राहिले. गेले तेव्हा धारूरला दवंडी द्यायला भोंगेवाला उरला नव्हता. जावई आपली गाडी घेऊन आला आणि गल्लोगल्ली सासऱ्याची मयत सांगत फिरला, अगदी हळू आवाजात. गर्दी झाली.

सगळं उरकल्यावर मुन्नी माझ्या दुकानात येऊन बसली. भिंतीपलीकडे शांत होतं. ती म्हणाली, "काका, मी बघितलाय तो पिच्चर. लई वर्षं झाली. मोबाईल आल्यावर पयल्यांदा तोच शोधला." मी मान खाली घातली. ती म्हणाली, "ते दर्यात पडतंय, ठाऊक हाय मला. अब्बा माईकवर 'पोचलं' म्हनले ना, तवाच कळलं, कुनीतरी खोटं सांगितलंय म्हनून. दुसरं कोन सांगनार?" मी म्हटलं, "मग तू अब्बांना का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "कावून सांगू? पोचलं की."

मग ती जायला उठली आणि पायरीवर थांबली. "अजून बी लावते कदी कदी," म्हणाली. "आवाज बंद करून. अब्बाचं बोलनं मला सगळं पाठ हाय, मीच बोलते. टेकडी आली की बंद करते." आणि जराशाने, माझ्याकडे न बघता, "बदक बी मीच करते."